उलट उत्तर

कोंढा, ता. पवनी
रविवार, ३ ऑगस्ट १९८०

प्रिय धनीरामदादा,

नमस्कार. मी बरी आहे. बाबाही बरे आहेत. मागच्या रविवारी गावी जाऊन आले, त्यांचा खोकला आता उतरला आहे. निर्मलावहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, भिलाईच्या डॉक्टरनं गुण येत नसेल तर दिवाळीत इकडे ये, सानगडीला एक बाई चांगलं चोळून देते.

इकडे धानाचे रोवणे जोरात आहेत, म्हणून माझा वर्ग निम्मा रिकामा. पोरं आयांच्या मागे चिखलात, धानाच्या बांधीत गेलीत. हजेरी घेताना मीच नाव पुकारते आणि मीच "रोवण्यात" म्हणते. माझी घरमालकीण सत्यभामाबाई काल म्हणाली, "बाई, तुमीबी चाला पऱ्हे काढाले. भिंतीले शिकवून काय भेटते?"

तुझं पत्र मिळालं. एवढं लांब पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. माझी नोकरी लागली तेव्हाही कार्डच आलं होतं. तू विचारतोस, "पेपरात अनोळखी माणसासोबत भांडून तुले काय भेटते? थो कोण, तू कोण?" आणि पुढे, नाव न घालता लिहिलं तरी "एक शिक्षिका, कोंढा" म्हणजे कोण हे सगळ्या नातलगांना कळलं, म्हणून मी थांबावं.

आधी हे सांगते की भांडण मी काढलं नाही. भंडाऱ्याच्या साप्ताहिकात वाचकांच्या पत्रांचं पान असतं. जूनमध्ये त्यात "एक धान उत्पादक, तालुका साकोली" अशा सहीचं पत्र आलं. ढिवर लोक मासे लवकर हाती यावेत म्हणून तलावात विष कालवतात, त्यानं गुरं मरतात, माणसं मरतात, सबब ढिवरांच्या सोसायट्यांकडून तलाव काढून घ्यावेत. मी ते शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं. डबा तसाच राहिला.

मी उत्तर लिहिलं. आमचे लोक उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यात गेळाची फळं कुटून टाकतात, त्यानं चार मासोळ्यांना गुंगी येते. भरल्या पावसाळ्यात अख्खा तलाव मारायचा तर तेवढं विष ढिवराच्या घरात कुठून येणार? ते विष धानाच्या बांधीत आहे. तुडतुडे पडले की तुम्ही एन्ड्रिन फवारता, दुसऱ्या दिवशी पाऊस येतो, बांधी भरून वाहते, आणि ते पाणी तलावात उतरतं.

त्यावर त्याचं उत्तर आलं, की बाईंनी पाटी-पेन्सिलकडे लक्ष द्यावं, शेतीतलं त्यांना काय कळतं. वीस वर्षं औषध मारतो आहे, आमचे बैल त्याच बांधीचं गवत खातात. मग मी. मग तो. आता चौथी फेरी आहे. इथल्या पानठेल्यावर पेपर आला की पोरं विचारतात, "आज कोणाचा नंबर हाये?"

माझ्याजवळ तुला द्यायला चांगली कारणं होती. शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून खोटं वाचवत नाही. समाजातली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी आहे, म्हणून माझ्यावर जबाबदारी आहे. एकटी राहते, संध्याकाळ जात नाही. ही तिन्ही मी वेगवेगळ्या माणसांना सांगितली आहेत आणि तिघांनाही पटली आहेत.

तुला पटणार नाहीत. कारण तो कोणत्या तलावाबद्दल बोलतो आहे ते तुला कळतं. गुरं मेली आणि माणसं मेली असा तलाव साकोली तालुक्यात एकच आहे, आपल्या गावचा. त्या दिवशी गावातल्या गोमाजीची नात गेली. चार वर्षांची पोर, तरंगून आलेली मासोळी खाऊन गेली. तिच्याबद्दल मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. आणि त्याच दिवशी आपला धाकटा श्यामलाल गेला.

त्याचं नाव या पत्रात घ्यायचं नाही असं ठरवून बसले होते.

पोलिसांच्या कागदावर तो तलावाच्या तुडुमावरून, म्हणजे त्या पाणी सोडायच्या दगडी मोरीवरून, पाय घसरून पडला आणि मेला. त्या कागदाबद्दल मी आज काही बोलत नाही. तूही बोलला नाहीस. पण दादा, मी नंतर गावात गेले तेव्हा एकेकाला विचारलं, त्या दिवशी तलावाच्या पाळीवर, बांधावर, कोण कोण होतं? घाटावरच्या बाया धुणं आपटत राहिल्या. पाटलाच्या ओसरीवर मला चहा दिला आणि कोंढ्याला भाजी काय भाव आहे ते विचारलं. मास्तरांनी खिडकी लावून घेतली. कुणी "तू खोटी आहेस" असंसुद्धा म्हटलं नाही. तीन वर्षांत मला आपल्या गावात कुणी उलट बोललेलं नाही.

आणि हा माणूस बोलतो. तो माझं वाक्य उचलतो, त्यावर ओरडतो, मला मूर्ख ठरवतो. तो कोण आहे मला ठाऊक नाही. पण शुक्रवारी पेपर उघडला की मला उत्तर आलेलं असतं. तू विचारलंस ना काय भेटते? हे भेटते.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
बेबी

.

कोंढा
रविवार, १९ ऑक्टोबर १९८०

दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनीचं कार्ड आलं, तिनं लिहिलं की तुझी कामाची पाळी बदलली म्हणून वेळ होत नाही. असू दे.

हलके धान कापणीला आले. सकाळी बांधाबांधानं शाळेत जाते तर पायाला दव लागतं. इतकं बरं वाटतं की राग येतो.

आता जे लिहिते ते सगळं वाच, अर्ध्यात ठेवू नकोस.

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळची शाळा सुटून घरी आले, तर ओसरीवर एक म्हातारा बसला होता. पायात चिखलाच्या वहाणा, मांडीवर टोपी. सत्यभामाबाई म्हणाली, "तुमच्या गावचे होत म्हणतेत." मी पाहिलं. गोमाजी.

तुला आठवतो तसा तो राहिला नाही. गालफडं बसली आहेत. मला वाटलं, धमकी द्यायला आला. मी दार उघडं ठेवलं आणि सत्यभामाबाईला म्हटलं, तुम्ही जाऊ नका कुठे. ती आत जाऊन सूप पाखडत बसली.

"वळखलीस?" त्यानं विचारलं.

"ओळखलं. पाणी देऊ जी?"

"पानी नोको." मग बराच वेळ टोपी चाचपत राहिला. "पेपरातला धान उत्पादक. थो मीच हाये."

दादा, मी त्या माणसाशी तीन महिने भांडत होते. त्याचा एक चेहरा मी मनात केला होता, सोन्याची अंगठी घालणारा, जीपमधून फिरणारा. आणि हा समोर बसला होता.

"मी कोण हे तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या खेपेले कळलं. तू लिव्हलीस, पाळीच्या उगवतीच्या टोकाले आधी मासे फुगून आले. थे गावच्या माणसाशिवाय कोणाले ठावं? मंग मास्तरले इचारलो, धनीरामची बहीण कोठी हाये आता."

"आणि तरी लिहीत राहिलात?"

"हो."

"काहून?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत म्हणाला, "उगवतीच्या टोकाले कोणाची बांधी हाये, सांग बरं."

मला माहीत होतं. तुलाही माहीत आहे.

"माही हाये," तो म्हणाला. "त्या हप्त्यात तुडतुडा पडला होता. गडी औषध कमी टाकते म्हणून पंप मीच पाठीवर घेतलो. दोन हात जास्तीच मारलो. दुसऱ्या रोजी पानी आला, बांध फुटून वाहाले लागला. अना तिसऱ्या रोजी तलावावर मासोळी तरंगली. लोकं टोपल्या भरून नेऊन रायले होते. मीबी पिशवीभर आणलो. फुकटची मासोळी. पोट्टीले लय आवडे."

आत सुपाचा आवाज थांबला होता.

"तुही गोठ खरी निघाली," तो म्हणाला, "त पोट्टीले मीच मारलो. माह्याच हातानं फवारलो, माह्याच हातानं आणून चारलो. अना तुह्या भावाले मंग..." त्यानं टोपी डोक्यावर चढवली, परत काढली. मग म्हणाला, "म्हणून लिव्हतो. दर खेपेले वाटते, आता असं लिव्हतो का ही बाई चूप होईन. तू चूप झालीस का माहं खरं. पन तू चूपच होत नाहीस."

मी विचारलं, "तुमच्या हातात काठी होती?"

"होती."

मी त्याच्यासमोर खाली बसले.

"पयली माहीच होती," तो म्हणाला. "पोट्टी घरी पडली होती पांढरी होऊन. मी पाळीवर आलो त तुहा भाऊ कमरभर पान्यात, जाळं ओढून रायला होता. मी म्हणलो, यानंच केलं. कोणी नाही म्हणलं नाही. कोणीच नाही म्हणलं नाही, बाई."

मला वाटायचं, हे शब्द कुणाच्या तोंडून ऐकले की मी किंचाळेन, त्याच्या अंगावर जाईन. काही झालं नाही. मी उठून आत गेले, पाणी प्याले, परत येऊन बसले. तो तसाच होता.

"आज कशाला आलात?"

"बंद कर म्हणाले आलो. हात जोडतो. मी लिव्हलो नाही तरी चालन, पन तू नोको लिव्हू. तुहं पत्र छापून येते, सून वाचते, मंग मले जेवण जात नाही."

"हेच सगळं पेपरात लिहा. पोलिसांपुढे सांगा. मी थांबते."

त्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "मी सांगाले गेलो असतो का नसतो, देवाले ठावं. पन तुह्या मोठ्या भावानंच त सांगतलं ना, थो तुडुमावरून पडला म्हणून. आमाले कोणी काई इचारलंच नाही. सख्खा भाऊ म्हणते पडला, मंग मी काय म्हणू?"

तो संध्याकाळच्या बसनं गेला.

दादा, आता त्या कागदाबद्दल. मी त्या वेळी भंडाऱ्याला डी.एड. करत होते, तार उशिरा मिळाली, पोचले तोवर तुम्ही त्याला ओसरीत निजवलं होतं. तू भिलाईहून माझ्या आधी पोचला होतास. मी चादर सरकवली. पडलेल्या माणसाच्या पाठीवर असे वळ उठत नाहीत, एकाशेजारी एक, खांद्यापासून कमरेपर्यंत. मी तुला बोलावलं, "दादा, हे पाहा." तू चादर ओढून घेतलीस आणि म्हणालास, "बाहेर हवालदार हाये, मी बोलतो त्यांच्यासोबत." मी समजले, तू हेच दाखवायला त्यांना आत आणशील.

मी तीन वर्षं स्वतःला समजावलं आहे की तू दमून आला होतास, कुणीतरी तुला पडल्याचं सांगितलं, तुला खरं कळलंच नसेल. बाबा तर तेव्हा बोलतच नव्हते. अजूनही मी तसंच धरून चालते.

गोमाजी गेल्यावर दोन शुक्रवार त्याचं पत्र नव्हतं. मला वाटलं, संपलं. परवा पेपर आला. "एक धान उत्पादक" परत हजर, आणि पूर्वी कधी नव्हता एवढा तिखट. ढिवरांना तलावाच्या पाळीवर पाऊलसुद्धा ठेवू देऊ नये म्हणतो. मी ते वाचलं आणि मला त्याचा राग आला नाही. घरी जाऊन तो पुन्हा लिहायला बसला, कारण दुसरं तो काय करणार?

मी उत्तर लिहून ठेवलं आहे. त्यात त्याची बांधी नाही, त्याची पिशवी नाही, नात नाही. ते त्यानं माझ्या ओसरीत बसून सांगितलं, ते त्याचं आहे. पण श्यामलाल माझा आहे. मी लिहिलं आहे की माझा भाऊ एकोणीस वर्षांचा होता, आदल्या संध्याकाळी टाकलेलं जाळं काढायला पाण्यात उतरला होता, आणि तो पडला नाही, त्याला मारलं. खाली "एक शिक्षिका" नाही. माझं पूर्ण नाव.

उद्या टाकते. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. तुला लोक विचारतील. तेव्हा एकच वाक्य बोल, की मला तेव्हा माहीत नव्हतं. बाकी मी पाहीन.

तुझी,
बेबी

.

कोंढा
रविवार, ११ जानेवारी १९८१

धनीरामदादा,

वहिनीला नमस्कार सांग. तुझ्या तब्येतीची चौकशी या वेळी मी करत नाही.

माझं पत्र दिवाळीनंतर छापलं. संपादक लक्ष्मणरावांनी चौकट घालून छापलं. शाळेत मुख्याध्यापक दोन दिवस माझ्याशी अदबीनं वागले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, जपून राहा." पानठेल्यावरची पोरं मी गेले की आवाज कमी करू लागली. त्या शुक्रवारी धान उत्पादकाचं उत्तर नव्हतं. पुढच्या शुक्रवारी नव्हतं. मी वाट पाहिली, खोटं कशाला बोलू.

मग डिसेंबरात "खुलासा" आला. निशाणी अंगठा, आपल्या बाबांचं नाव. "माझा मुलगा कै. श्यामलाल हा पाय घसरून पडल्यामुळे मृत्यू पावला असून त्याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझी मुलगी घटनेच्या वेळी गावात हजर नव्हती. भावाच्या मृत्यूमुळे तिला मानसिक आघात झालेला असून तिच्या लिखाणावर विश्वास ठेवू नये." त्याखाली संपादकांची एक ओळ, की या विषयावरील पत्रव्यवहार आता बंद करण्यात येत आहे.

आपल्या बाबांनी जन्मात "मानसिक आघात" म्हटलेलं नाही. त्यांना ते म्हणताही येणार नाही. कागद कुणी लिहिला ते मी पहिल्या ओळीला ओळखलं. तू अर्ज लिहितोस तेव्हा "असून" फार घालतोस.

म्हणजे तुला वेळ होता. मला उत्तर द्यायला नव्हता, पेपराला द्यायला होता. तूही शेवटी त्या वादात उतरलास, आणि तूच जिंकलास.

मी गावी गेले नाही. बाबाच इकडे आले, मागच्या बुधवारी. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्या खोलीवर आले. बसमध्ये उलटी झाली म्हणाले. मी भात टाकला, ते चुलीजवळ बसले. थंडी होती. मी ठरवलं होतं की त्यांना काहीच विचारायचं नाही. त्यांनीच काढलं.

"मी अंगठा देल्लो," ते म्हणाले.

"वाचलं."

"ठेका फिरून द्याचा होता तलावाचा. गावचे म्हणले, तुही पोरगी असं लिव्हते त आमी कायले तुमाले तलाव देऊ? आपल्या टोल्यावरचे सगळे ढिवर येऊन बसले माह्या दारात. पोट्टेबाट्टे घेऊन बसले. धनीराम आला, कागद वाचून दाखवला. मी म्हणलो, बेबीले येडी नोको म्हणू. थो म्हणे, तसं लिव्हल्याशिवाय भागत नाही बाबा."

"तलाव मिळाला?"

"भेटला."

भात झाला. त्यांना वाढला, पण त्यांनी हात घातला नाही. मग न विचारता सांगायला लागले. दादा, इतकी वर्षं मी ज्याच्या मागे होते ते माझ्या बापानं मला चुलीसमोर बसून सांगितलं, ताटातला भात निवेपर्यंत.

ते त्या दिवशी डोंग्यात होते, तलावाच्या मधोमध. पाळीवर गलका ऐकला, काठ्या वर जाताना दिसल्या. ते वल्हवत आले. "डोंगा सरकेच ना," ते म्हणाले, "मेलेल्या मासोळीतून वल्हं चालेना." पोचले तेव्हा लोक पांगले होते. श्यामलाल अर्धा पाण्यात, अर्धा चिखलात. जिवंत होता. बोलला.

"काय बोलला बाबा?"

"म्हणे, बाबा, ही मासोळी कोणाले खाऊ देऊ नोका. इखार लागला हाये पान्याले. इतकंच. मंग साकोलीले नेतो म्हणून खासरले बैल जुंपलो, त रस्त्यातच..."

मी विचारलं, "हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं होतं?" विचारायला नको होतं. मला वाटलं ते म्हणतील, कोणालेच नाही.

"धनीरामले," ते म्हणाले. "त्याच रोजी. थो आला, मी त्याच्या गळ्यात पडून सगळंच सांगतलो. मंग थो हवालदाराकडे गेला."

म्हणजे तुला माहीत होतं. चादर ओढलीस तेव्हा माहीत होतं. मी तुझ्यासाठी एक दार उघडं ठेवलं होतं, ते बाबांनी नकळत लावून टाकलं. त्यांना ते कळलंही नाही. ते म्हणत राहिले, "त्याले बोल लावू नोको. थो नसता त टोला जळला असता."

जाताना त्यांनी गोमाजीचं सांगितलं. खुलासा छापून आला त्या दिवशी तो पेपर घेऊन आपल्या टोल्यावर आला होता. ढिवराच्या दारात तो आजवर कधी आला नव्हता. बाबांना म्हणाला, "हे काहून केलास? तुही पोरगी खरी बोलून रायली होती." बाबा म्हणाले, "तुमच्यासाठीच त केलो जी." तर तो तिथंच मातीत बसला. कुणीतरी त्याला धरून घरी नेलं. आता दिवसभर पाळीवर बसून असतो, सून हात धरून जेवायला नेते. बोलत नाही. चुरणे झाले, धान घरात आलं, त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

लोक म्हणतात त्याचं डोकं फिरलं. मला वाटतं, तो आता कुणाशी भांडणार? त्याला खोटं ठरवणारी मी वेडी निघाले. आता त्याला ठाऊक असलेलं खरं तेवढं त्याच्याजवळ उरलं.

मी लक्ष्मणरावांना भेटायला भंडाऱ्याला गेले होते. त्यांनी चांगलं बसवलं. म्हणाले, "बाई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण बापाचा अंगठा आला, आता मी काय छापू?" त्यांचंही चुकलं नाही. बाबांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. टोल्यावरच्या पोरांच्या ताटात मासोळी आहे, ती तुझ्या कागदानं आहे, हेही मला दिसतं. रात्री पडल्या पडल्या मी तुझ्या बाजूनं बोलून पाहते. एक मेलेला, बाकीचे जिवंत, तू जिवंतांकडे पाहिलंस. मला त्याचं उत्तर सापडत नाही. मग डोळ्यांपुढे ती पाठ येते आणि तुझा हात चादर ओढताना येतो, आणि मला वाटतं की टोला वाचवायला खोटं लागलं असेल, पण मला एकटीला खरं सांगायला काय लागलं असतं? तीन वर्षं मी दारोदार विचारत फिरले. तू भिलाईहून पाहत होतास. राखीला आलास, मी ओवाळलं, तू ताटात पाच रुपये टाकलेस.

आता पेपर बंद झाला. गोमाजी बंद झाला. बाबा आपलं सांगून मोकळे झाले, ते आता पुन्हा बोलणार नाहीत, मला माहीत आहे. उरलास तू.

म्हणून हे पत्र. मी तुझ्यावर खटला घालणार नाही, वहिनीला सांगणार नाही, तुझ्या मुलीच्या लग्नात आडवी येणार नाही. मला तुझी माफी नको. मला तुझं म्हणणं पाहिजे. सांग की तू केलंस ते बरोबर होतं. सांग की मी भंडाऱ्यात पुस्तकं वाचत होते आणि तुला टोल्याकडे पाहावं लागलं. सांग की श्यामलाल तसाही जाणारच होता. तुझ्या एकेका वाक्याला मी उत्तर लिहीन, तू त्यावर लिही. वर्षभर चालू दे. मला खोटी ठरव, येडी म्हण, पण माझ्या तोंडावर म्हण, बाबांच्या अंगठ्याआडून नको.

पंधरा दिवसांत पत्र आलं नाही तर समजेन की तुझी पाळी बदलली आहे. महिन्यात आलं नाही तर तुलाही त्या दिवशी पाळीवर उभ्या असलेल्या, आणि "नाही" न म्हणालेल्या माणसांत धरीन. मग नमस्कारही लिहिणार नाही.

अजून तरी तुझी बहीण,
बेबी